अनुक्त कर्ता : कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या काही निवेदनांचे वाचन

दि. ३० मे २०२३ रोजी अमेरिकेतील ‘सेंटर फॉर एआय सेफ्टी’ या संस्थेने एक निवेदन प्रसिद्ध केले. ते अवघ्या एका वाक्याचे, २२ इंग्रजी शब्दांचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संभवणारा मानवजातीच्या उच्छेदाचा धोका कमी करणे, हे महामारी व अणुयुद्ध यांसारख्या संकटांच्या बरोबरीने साऱ्या जगाचे अग्रक्रमाचे कार्य ठरावे, असा त्याचा आशय आहे. खाली जेफ्री हिंटन व योशुआ बेंजिओ या अग्रणी संशोधकांच्या सह्या आहेत. आणि सॅम ऑल्टमन, डेमिस हसाबिस, डारिओ अमोदेई अशा, ही यंत्रे प्रत्यक्ष घडविणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही आहेत. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः सह्यांची. जुनी वाक्ये वाचणे हा आमचा व्यवसाय असल्याने आम्ही येथे वाक्यच वाचणार आहोत.

पालीच्या वर्गात विद्यार्थ्याला आम्ही प्रथम कर्ता शोधावयास सांगतो. कर्मणि प्रयोगात तो तृतीयेत जाऊन बसतो, कित्येकदा लिहिलेलाही नसतो. परंतु क्रिया आहे तेथे तो असलाच पाहिजे. उपरोक्त वाक्यात ‘कमी करणे’ ही क्रिया आहे. ती कोणी करावयाची, हे नाही. धोका आहे, तो कोण निर्माण करीत आहे, हे नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता तेवढी पंचमीत आली आहे, जणू डोंगरातून झरा निघावा तसा धोका तिच्यापासून आपोआप निघतो. जोडीला घेतलेली उदाहरणेही पाहण्यासारखी आहेत. महामारी कोणी ठरवून आणीत नाही; अणुयुद्ध कोणाच्या तरी आज्ञेवाचून होत नाही. दोहोंना एका ओळीत बसविल्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्ता कोणत्या जातीची, हा प्रश्न मोकळाच राहतो. आमच्या मते ती निःसंशय दुसऱ्या जातीची होय. तिला भांडवल लागते, वीज लागते, हजारो महागड्या चिप लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर ‘पुढे चला’ असे म्हणणारा माणूस लागतो. असे म्हणणाऱ्यांपैकी काहींची नावे याच निवेदनाखाली आहेत. कर्ता वाक्यात नाही, सहीत आहे.

यावरून निवेदन दांभिक आहे असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. भिन्न मतांच्या लोकांना एकत्र सही करता यावी म्हणून ते मुद्दाम संक्षिप्त ठेवले होते, आणि तो हेतू सफल झाला. धोका काल्पनिक आहे, असेही आम्ही म्हणत नाही. आपण घडविलेल्या यंत्राच्या आत नेमके काय चालते याचा पूर्ण उलगडा आपल्याला होत नाही, ही कबुली ते घडविणारेच देतात.

त्याच वर्षी २२ मार्चला ‘फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट’चे पत्र निघाले होते. त्यात कर्ता स्पष्ट आहे : सर्व प्रयोगशाळांनी जीपीटी-४ हून समर्थ प्रणालींचे प्रशिक्षण किमान ६ महिने थांबवावे. मात्र तो उत्तमपुरुषी नाही. एलॉन मस्क यांनी त्यावर सही केली आणि जुलैमध्ये स्वतःची एक्सएआय ही नवी कंपनी जाहीर केली. मागितलेला विराम आलाच नाही. टिम्नित गेब्रू, एमिली बेंडर प्रभृतींनी या पत्रावर टीका करताना श्रमिकांची पिळवणूक, माहितीची चोरी, मोजक्या हातांत एकवटणारी सत्ता या आजच्या अपायांकडे बोट दाखविले व त्याला जबाबदार कंपन्यांना पुढे उभे केले. हरवलेला कर्ता त्यांनी परत आणला, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. तथापि आजचा अपाय खरा म्हणून उद्याचा खोटा, असे अनुमान त्यातून कोणी काढील तर ते सदोष ठरेल.

उत्तमपुरुषी विरामाचे उदाहरण विज्ञानाच्याच इतिहासात आहे. १९७४ च्या जुलैत पॉल बर्ग व त्यांच्या १० सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पत्र लिहून जनुकजोडणीचे काही प्रयोग स्थगित ठेवण्याचे आवाहन केले. त्याची रचना अशी की, आम्ही थांबत आहोत, इतरांनी आमच्यासोबत थांबावे. बर्ग यांनी स्वतःचा एक प्रयोग त्याआधीच बाजूला ठेवला होता. पुढे फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे परिषद भरली व १९७६ मध्ये अमेरिकेत शासकीय नियम आले. ते संशोधन बहुतांशी विद्यापीठांतले होते, त्यामागे आजच्यासारखी बाजाराची शर्यत नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण म्हणूनच आज ‘आम्ही’ या शब्दाची किंमत अधिक आहे. हिंटन यांनी मे २०२३ मध्ये गूगल सोडल्याचे जाहीर करताना आपल्या कार्याविषयी काहीसा पश्चात्ताप बोलून दाखविला, तेव्हा तो शब्द जवळ आला होता. परंतु आपण केले नसते तर दुसऱ्या कोणी केले असते, अशी जोडही त्यांनी दिली, आणि कर्ता पुन्हा निसटला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट’नेच आणखी एक निवेदन काढले. माणसाला सर्व बाबतींत मागे टाकणाऱ्या बुद्धीची निर्मिती निषिद्ध असावी, आणि ती सुरक्षित असल्याबद्दल शास्त्रज्ञांचे व्यापक एकमत व लोकांची भक्कम संमती मिळाल्याखेरीज निषेध उठू नये, अशी त्याची मागणी आहे. लोक येथे आले आहेत, एक अट म्हणून का होईना. ही संमती कोणी विचारावयाची, कोणत्या सभेत, आणि नकार मिळाल्यास तो कोणावर बंधनकारक राहील, हे मात्र त्याही वाक्यात लिहिलेले नाही.