स्ट्रासबूर्गचे घड्याळ आणि त्याचा कर्ता

वाङ्मयाला वाहिलेल्या पृष्ठांत एका घड्याळाची समीक्षा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. ज्या कृतीत कर्त्याची बुद्धी, त्याचा स्वभाव आणि परंपरेशी त्याने केलेली तडजोड ही तिन्ही वाचता येतात, ती कृती समीक्षेचा विषय होय, एवढेच आमचे उत्तर. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबूर्ग येथील कॅथीड्रलात भिंतीशी उभे असलेले, सुमारे अठरा मीटर उंचीचे खगोलदर्शक घड्याळ ही अशीच एक कृती आहे.

ते पाहावयास दुपारी गर्दी लोटते. माध्यान्ही बारा प्रेषितांचे पुतळे ख्रिस्तापुढून एकामागून एक जातात, कोंबडा पंख फडकावून तीनदा आरवतो, आणि लोक पांगतात. घड्याळाची लौकिक कीर्ती या देखाव्यावर उभी आहे. आमच्या मते तो त्याचा सर्वांत गौण भाग होय. कोंबडा तर चौदाव्या शतकात तेथे उभारलेल्या पहिल्या घड्याळावरही होता. कर्त्याची प्रतिभा पाहावयाची, तर दृष्टी खाली, डाव्या हाताच्या दालनातील चक्रांकडे वळविली पाहिजे. ही चक्रे ईस्टरची तारीख काढतात.

आपल्या गुढीपाडव्याप्रमाणे ईस्टरही सूर्य आणि चंद्र या दोघांच्या संमतीने ठरतो. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरत राहतो. एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमास हा जो मेळ आपल्या अधिकमासांच्या हिशेबात दिसतो, तोच या गणिताच्याही मुळाशी आहे.

या जागेवरील दुसरे घड्याळ १५७४ मध्ये पूर्ण झाले. त्याची योजना कॉनराड डासिपोडियस या गणितज्ञाची. त्याने चल सणांच्या तारखा शंभर वर्षांपुरत्या लिहून ठेविल्या होत्या. शतक सरले की लेखन नव्याने करणे आले. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस ते घड्याळ बंद पडले. आजचे यंत्र झाँ-बाप्तिस्त श्विल्गे (१७७६–१८५६) याचे. डासिपोडियसने यंत्राला उत्तरे दिली होती. श्विल्गेने रीत दिली. ३१ डिसेंबरच्या रात्री ही चक्रे फिरतात, येत्या वर्षाचा ईस्टर ठरवितात, आणि त्याच्या अनुरोधाने इतर चल सण पंचांगाच्या कड्यावर आपापल्या जागी जाऊन बसतात. १९०० हे वर्ष लीप नव्हे आणि २००० हे लीप होय, हा चारशे वर्षांचा नियमही दात्यांतच कोरलेला आहे. पाठांतर आणि समज यांतील भेद इतका स्पष्ट करून दाखविणारी कृती आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

हा मनुष्य विद्यापीठातून आलेला नव्हता. घड्याळजीचा धंदा करीत तो स्वतःच गणित शिकला. सेलेस्ता या लहान गावी त्याने गणित शिकविले आणि वजनमापांच्या तपासनिसाचे कामही केले. ईस्टर काढणाऱ्या यंत्राचा नमुना त्याने १८२१ मध्येच सिद्ध केला होता. नगराने काम सोपविले ते १८३८ मध्ये, त्याची साठी उलटल्यावर. सरकारी टिपणांचा प्रवास ज्यांच्या परिचयाचा आहे, त्या आमच्या वाचकांस ही सतरा वर्षे फारशी विलक्षण वाटणार नाहीत. १८४२ मध्ये घड्याळ चालू झाले.

दोष सांगावयाचा तो हा की, श्विल्गेला आपले यंत्र जुन्या घड्याळाच्या चित्रांकित घरातच बसवावे लागले. त्या घराची सारी मांडणी प्रेक्षकाची मान वर वळविते; बुद्धीचे काम पायथ्याशी राहते. पुतळ्यांवाचून लोकांचे प्रेम लाभले नसते, हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याच्या योगे कृती थोर ठरते तेच तिने मागे ठेवावे, ही उणीव त्याने नाहीशी होत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रेषित निघतात तेव्हा गावच्या घड्याळांत साडेबारा झालेले असतात. कारण हे घड्याळ मध्य युरोपच्या प्रमाणवेळेने न चालता स्ट्रासबूर्गच्या स्वतःच्या वेळेने चालते. १८७१ पासून १९४४ पर्यंत त्या नगरावर फ्रान्स आणि जर्मनी यांची सत्ता चार वेळा बदलली. घड्याळ आजही स्थानिक मध्यान्हच धरून आहे. १९५५ पर्यंत आपली ‘मुंबई वेळ’ जपणाऱ्या शहराच्या आठवणी ज्यांच्या घरी आहेत, आणि जे दिल्लीस वा कलकत्त्यास बसून मुंबईच्या सूर्योदयाचे पंचांग उघडतात, त्यांना या हट्टाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कामानिमित्त दूर गेलेला मनुष्य कचेरीत प्रमाणवेळ पाळतो, आणि घरी सणाचा मुहूर्त पाहताना दुसराच हिशेब करतो.

वाचकांपैकी कोणास त्या बाजूस जाण्याचा योग आला, तर कोंबडा आरवून गर्दी ओसरल्यावर पाच मिनिटे त्या डाव्या दालनापाशी थांबावे, एवढीच आमची सूचना आहे.