धावत्या कागदावरचे अंक

चेकच्या तळाशी, सहीच्या जागेखाली, एक पांढरी पट्टी मोकळी सोडलेली असते. तिच्यावर काही बोजड आकडे छापलेले असतात. बँकेतली माणसं तिला ‘मायकर बँड’ म्हणतात. आपली नजर सहसा तिच्यावरून घसरते, कारण आपला मतलब नावाशी, रकमेशी आणि सहीशी. चुकून नजर थांबलीच, तर वाटतं की हे आकडे कुणी मोडतोडीतून काढले असावेत. एकाचा पाय सुजलेला, आठाचं खालचं पोट सुटलेलं, शून्य मात्र चोख चौकटीसारखं. सुबक अक्षरांची सवय असलेल्या डोळ्याला ते खटकतात. तरीही विसाव्या शतकात आखल्या गेलेल्या सर्वांत शहाण्या आकड्यांत मी यांची गणना करतो. मात्र त्यांचं शहाणपण चेक हातात धरून दिसत नाही. त्यासाठी चेक पळवावा लागतो.

या आकड्यांचा जन्म कॅलिफोर्नियातला. १९५० मध्ये बँक ऑफ अमेरिकेने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेपुढे आपलं दुखणं मांडलं. चेकचे ढीग हातांनी लावता लावता कारकून बेजार झाले होते. तिथून ‘अर्मा’ ही यंत्रणा उभी राहिली आणि १९५५ च्या सप्टेंबरात ती लोकांना दाखवण्यात आली. आकडे वाचण्याची युक्ती तिथल्या केनेथ एल्ड्रेज यांची. तिला १९६१ मध्ये मिळालेल्या अमेरिकन पेटंटचा क्रमांक होता बरोबर ३०,००,०००. ज्या शोधाचा सारा जीव आकड्यांत, त्याच्या वाट्याला असा गोल आकडा यावा हा योगायोग मला फार आवडतो. या लिपीचं नाव ई-१३ बी. पाचवा प्रस्ताव म्हणून ई, इंचाच्या तेरा सहस्रांशाच्या मापावर आखलेली म्हणून १३, आणि दुसरी सुधारणा म्हणून बी. नावातसुद्धा सजावट नाही.

आता मूळ युक्तीकडे येऊ. या आकड्यांच्या शाईत लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. यंत्रात शिरल्यावर चेक आधी एका चुंबकासमोरून जातो आणि शाई चुंबकित होते. मग तो वाचणाऱ्या हेडसमोरून जातो. हे हेड टेपरेकॉर्डरच्या हेडच्या जातीचं. फरक इतकाच की त्याची उभी फट आकड्याच्या पूर्ण उंचीला पुरते. फटीसमोर शाई वाढली की विजेचा झटका एका दिशेला उठतो, शाई घटली की उलट दिशेला. जाड रेघ सबंध फटीसमोर असेल तेवढा वेळ काहीच होत नाही, कारण हेडला शाई कळत नाही, शाईतला बदल तेवढा कळतो. आणि बदल व्हायचा तर कागद चालता हवा. चेक हेडसमोर थांबवून ठेवला, तर त्यावर तीन लिहिलंय की आठ, हेडला काहीही सांगता येणार नाही. म्हणजे अक्षराचा अर्धा भाग छापखान्यात तयार होतो आणि उरलेला अर्धा यंत्राच्या रुळांवर. लिपी आणि वाहतूक मिळून एकच शोध झालेला आहे, ही या कामगिरीतली पहिली देखणी गोष्ट.

हे कळलं की आकड्यांचा बोजडपणा उलगडू लागतो. प्रत्येक आकडा ०.०१३ इंच, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश रुंदीच्या उभ्या घरांवर बसवलेला आहे. उभ्या रेघांच्या कडा या घरांच्या सीमांवरच येतात. मधे कुठेही रेंगाळत नाहीत. आकड्याची उंची अशा नऊ घरांची आणि रुंदी जास्तीत जास्त सातांची. दोन आकड्यांमधलं ठरलेलं अंतर इंचाचा आठवा हिस्सा. वाचन होतं उजवीकडून, कारण चेक उजवी कड पुढे करून पळतो. त्यामुळे आकड्याची उजवी कड आली की पहिला झटका नेहमी वाढत्या शाईचा असतो. यंत्र त्याच क्षणी आपलं घड्याळ लावतं आणि ठरलेल्या टप्प्यांवर पुढचे झटके किती उंच, किती खोल ते बघतं. सुजलेला पाय म्हणजे एका घरात मुद्दाम ओतलेली जास्तीची शाई. तिच्यामुळे त्या टप्प्यावरचा झटका मोठा होतो. डोळ्याला जिथे बेढबपणा वाटतो, तिथे हेडला स्पष्ट उच्चार मिळतो.

खरी कसोटी दोन आणि पाच या जोडीची. साध्या छपाईतला दोन आरशात धरला तर जवळपास पाच होतो. आपल्याला ते वेगळे दिसतात, कारण आपण वरचं वर आणि खालचं खाली बघतो. उभ्या फटीला वर-खाली ही भाषाच नाही. तिला कळतं ते एका वेळी समोर आलेल्या शाईचं एकूण माप. दोनच्या उजव्या अंगाला वरची अर्धी रेघ, पाचच्या उजव्या अंगाला खालची अर्धी रेघ. फटीच्या हिशेबी दोन्ही अर्ध्याच. मग त्यांना वेगळं काढायला आखणाऱ्याकडे उरतात दोनच साधनं: आकड्याची रुंदी आणि रेघांमधलं अंतर. आकडे ओळीत मांडून पाहिलेत तर काही अंगाने किरकोळ आणि काही ऐसपैस का आहेत, याचं उत्तर इथे सापडतं. आणि एवढं करूनही दोन हा माणसाला दोनच वाटतो. यंत्रासाठी लिहायचं आणि माणसाला वाचता आलं पाहिजे ही अट पाळायची, या ओढाताणीत एकही आकडा तुटलेला नाही.

या अंकांची छाप पुढे भलतीकडेच उमटली. साठ-सत्तरच्या दशकांत वेस्टमिन्स्टर, डेटा ७० असे टंक निघाले आणि ही जाड-बारीक ठेवण रोमन मुळाक्षरांवर चढवली गेली. संगणक किंवा अंतराळ असं काही सुचवायचं असलं की पोस्टरवर तीच अक्षरं. दिसायला ती झोकदार आहेत, पण त्यांच्या गाठी शोभेच्या. मूळ आकड्यांत प्रत्येक गाठ कामावर हजर आहे.

ई-१३ बी घडत होती त्याच सुमाराला फ्रान्समध्ये दुसरं उत्तर शोधलं गेलं, बुल कंपनीचं सीएमसी-७. त्यात प्रत्येक चिन्ह सात उभ्या काड्यांचं. काड्यांमधल्या सहा फटी रुंद की अरुंद, एवढंच यंत्र बघतं. काड्यांच्या लांबीत मात्र माणसासाठी आकड्याचा आकार कोरलेला. बुद्धी म्हणून हे कदाचित वरचढ, कारण त्यात अक्षरंही बसतात आणि शाई किती दाट पडली याची फिकीर कमी. पण मला विचाराल तर मी ई-१३ बीच्या बाजूचा. सीएमसी-७ मध्ये यंत्राची खूण वेगळी आणि माणसाचा आकडा वेगळा; दोघं एका घरात राहतात इतकंच. ई-१३ बीत एकच रेघ दोघांशी बोलते.

चुंबकच का, याचं कारण टेबलावर पडलेला कोणताही वापरलेला चेक सांगेल. त्यावर शिक्के, आडव्या रेघा, बॉलपेनची गिचमिड, तेलकट बोटं. प्रकाशाने वाचणारं यंत्र या गर्दीत गोंधळलं असतं. साध्या शाईला चुंबकाची दाद नाही, म्हणून हेडच्या लेखी शिक्का बसलेलाच नसतो. नको ते न ऐकण्याची ही सोय कुठल्याही जास्तीच्या भागाशिवाय, फुकटात मिळालेली आहे.

पण कागद चालवायचा कसा? जाणकारांनी खरं रमावं ते इथे. चेकचा गठ्ठा आधी थरथरत्या पाटावर ठोकून त्याच्या कडा जुळवतात. मग सर्वांत अवघड काम: गठ्ठ्यातला एकच चेक सोडवणं. कागदाला कागद चिकटतो. दमट हवेमुळे, स्थिर विजेमुळे, खिशातल्या घडीमुळे. इथे यंत्र काय करतं? पुढचा रबरी रूळ चेकला ओढतो आणि समोरचा दुसरा रूळ किंवा पट्टा उलट दिशेने रोखून धरतो. सारी करामत तीन घर्षणांच्या उतरंडीत आहे. ओढणाऱ्या रुळाची पकड सर्वांत जास्त, रोखणाऱ्याची त्याहून कमी, आणि कागदाची कागदावरची पकड सर्वांत कमी. एकच चेक फटीत आला तर ओढणारा जिंकतो आणि चेक पुढे जातो. दोन आले तर पहिला ओढणाऱ्याच्या अंगाला, दुसरा रोखणाऱ्याच्या अंगाला लागतो, आणि मधली कागदाची ढिली पकड सुटते. नोटा मोजताना कॅशियरचा अंगठा पुढची नोट सरकवतो आणि बाकीची बोटं मागचा गठ्ठा धरून ठेवतात, तोच हा न्याय. यंत्राला आत कागद किती आहेत ते मोजावं लागत नाही. पकडींच्या पायऱ्या नीट लावल्या की निवाडा आपोआप होतो. तरी एखादी चिवट जोडी निसटतेच. ती पकडायला पुढे पहारा असतो आणि दोन चेक एकत्र दिसले की दोघांनाही बाजूला काढलं जातं.

सुटलेला चेक सरळ असेलच असं नाही. तो जरासा कलला तरी आकड्याची उभी कड फटीला समांतर राहत नाही आणि झटका बोथट होतो. म्हणून वाटेत किंचित तिरपे बसवलेले रूळ असतात. ते चेकला पुढे नेता नेता खालच्या पट्टीवर दाबतात, आणि चेक चालता चालताच सरळ होतो. पट्टी चेकच्या तळालाच का, आणि आकड्यांच्या जागा उजव्या कडेपासून का मोजतात, ते आता वेगळं सांगायला नको. ज्या कडेवर कागद टेकतो आणि जी कड आधी पोचते, त्याच दोन कडांवर माप ठेवलेलं आहे.

वेगाचं एक उदाहरण द्यायला हवं. १९७३ चं आयबीएम ३८९० हे यंत्र मिनिटाला २,४०० चेक हाताळी, म्हणजे सेकंदाला ४०. अमेरिकेतला खासगी चेक सहा इंचांचा. मधलं अंतर सोडून दिलं तरी सेकंदाला वीस फूट कागद. या वेगात ०.०१३ इंचांचं एक घर फटीसमोरून सेकंदाच्या अठरा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात निघून जातं. शिवाय वेग एकसारखा हवा. कागद मधेच रेंगाळला तर झटका उशिरा पोचेल, आणि रुंदीवर उभा असलेला दोन-पाचमधला भेद डळमळेल. असं झालं, तर यंत्र अंदाज बांधत बसत नाही. आकार जुळला नाही की चेक ‘रिजेक्ट’च्या कप्प्यात, माणसाच्या डोळ्यांसाठी. चुकीचं वाचण्यापेक्षा न वाचणं बरं, ही बँकेला शोभणारी वृत्ती त्या आकड्यांच्या आखणीतच आहे.

वाचून झालं की पातळ पात्यांची दारं दोन चेकांमधल्या फटीच्या वेळात फिरतात आणि ज्याला त्याला त्याच्या कप्प्याची वाट दाखवतात. यात वाटण्याची रीत मात्र मोठी मोहक आहे. समजा तीन आकडी क्रमांकांनी चेक लावायचे आहेत आणि कप्पे दहाच. सामान्य बुद्धी म्हणेल की आधी शतकाच्या आकड्याने वाटा. यंत्र एककापासून सुरुवात करतं. सगळे चेक शेवटच्या आकड्याने दहा कप्प्यांत, मग शून्य ते नऊ असे कप्पे एकावर एक रचून गठ्ठा पुन्हा आत. दुसऱ्या फेरीत दशकाचा आकडा, तिसरीत शतकाचा. दुसऱ्या फेरीअखेरही गठ्ठा वरवर पाहता विस्कळीत वाटतो, आणि तिसरी संपताच सगळे चेक ओळीने उभे. हर्मन हॉलरिथच्या पंचकार्डांच्या काळापासूनची ही रीत एका अटीवर टिकून आहे: कप्प्यात जो आधी पडला तो आधीच राहिला पाहिजे. म्हणजे सेकंदाला वीस फुटांनी येणारा कागद कप्प्यात थांबवायचा, उडू द्यायचा नाही, शेजाऱ्याच्या पुढे-मागे होऊ द्यायचा नाही. गणिताची एक ओळ कागद झेलणाऱ्या साध्या कप्प्याकडून एवढी शिस्त मागते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने हे तंत्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईसह चारही महानगरांच्या क्लिअरिंगमध्ये आणलं. आपल्या चेकची पट्टी डावीकडून वाचा: सहा आकडी चेक क्रमांक, मग नऊ आकडी कोड, मग खात्याशी निगडित आकडे आणि शेवटी व्यवहाराचा दोन आकडी कोड. नऊ आकड्यांत पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४०. पिनकोडाची सुरुवात ज्याने होते तेच. मधेमधे छोट्या रेघा आणि चौकोनी ठोकळ्यांची चिन्हं दिसतात, ती आकड्यांच्या मजकुरातली विरामचिन्हं. कोडाच्या मागे एक, चेक क्रमांकाच्या दोन्ही अंगांना दुसरं. पट्टीच्या उजव्या टोकाला जागा कोरी सोडलेली असे. चेक भरणाऱ्या बँकेने तिथे रक्कम त्याच शाईत उमटवायची. सर्वांत शेवटी लिहिलं जाणारं आणि यंत्राने सर्वांत आधी वाचायचं, अशी ती जागा.

चेकांच्या गठ्ठ्यांचा प्रवास आता उरलेला नाही. चेक ट्रंकेशन २००८ मध्ये दिल्लीत, २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालं. आता चेक भरलेल्या बँकेतच राहतो. पुढे जाते ती त्याची प्रतिमा आणि पट्टीवरचे आकडे. शेकडो चेक झेलणाऱ्या कप्प्यांच्या रांगांऐवजी काउंटरमागे लहानसा स्कॅनर असतो. त्याच्या फटीत चेक सोडला की रूळ त्याला ओढून घेतात. चित्र टिपायला चेक स्थिर असता तरी भागलं असतं. हेडसमोरून मात्र त्याला अजूनही धावावंच लागतं.