पाकळीवरचा डाग

फुलांचे फोटो काढणं ही छायाचित्रणातली सर्वांत निरुपद्रवी शाखा समजली जाते. दिनदर्शिका, लग्नपत्रिका, आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन आदळणारे शुभेच्छांचे गुलाब. पण सौंदर्याच्या रूढ कल्पनांना चिमटे काढण्याचा उद्योगही याच शाखेतून होतो आणि हल्ली त्याला ऊत आला आहे. एक सुकलेलं फूल, शेजारी सुरकुतलेला चेहरा, खाली दोन ओळींचं निवेदन. यातल्या बहुतेक मालिका मला फसलेल्या वाटतात. बाई म्हणजे फूल, हे समीकरण त्या मोडतच नाहीत; ताज्याच्या जागी शिळं फूल ठेवतात, एवढंच. चाफेकळी नाकाचं कौतुक करण्यात मुरलेल्या समाजाला त्यानं काय धक्का बसणार?

चिमटा काढण्याचं हे काम नेटकं जमलं ते छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांना, आणि तेही सौंदर्याचे दंडक घालून देणाऱ्या ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या पानांवर. १९६७ ते १९७३ या काळात दरवर्षी डिसेंबरच्या अंकासाठी त्यांनी एकेका जातीच्या फुलांचे फोटो काढले. १९८० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. बहर ओसरलेली, डाग पडू लागलेली फुलं आपल्याला जास्त आवडतात, असं त्यांनी स्वतःच नमूद केलं आहे. त्यांच्या १९६८ च्या पॉपी जरा थांबून पाहाव्यात. पाकळ्या चुणलेल्या, मधोमध काळपट केसरांचा झुबका, देठावरची लवसुद्धा स्पष्ट. (त्यातल्या एका पॉपीच्या वाणाचं नाव ‘शोगर्ल’ आहे, हा योगायोगही मजेदार.) मागे तीच कोरी पार्श्वभूमी, जिच्यापुढे एरवी मॉडेल उभ्या राहायच्या. निवेदन नाही, कीव नाही. ज्या नजरेनं चेहरा पारखला जातो, तीच नजर डागाळलेल्या पाकळीवर रोखली की पारखणाराच अडचणीत येतो.

छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्पना या संदर्भात बंडखोर म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कॅला लिली आणि नग्न पुरुषदेह या दोहोंना त्यांनी सारख्याच काटेकोर प्रकाशात पाहिलं. पुरुषाच्या देहाकडे अभिलाषेनं बघता येतं, हे उघड मांडायला धाडस लागतं. पण त्यांच्या लिलीवर ओरखडा नाही आणि देहावरही नाही. १९८६ च्या ‘ब्लॅक बुक’मधले कृष्णवर्णीय पुरुष पुतळ्यांइतके घोटीव आहेत. ग्लेन लायगन या चित्रकारानं पुढे त्याच पुस्तकाची पानं भिंतीवर मांडली, मध्ये लोकांची मतं लावली आणि ही नजर नेमकी कुणाची, हा वाद चव्हाट्यावर आणला. मॅपलथॉर्पनी सौंदर्याचा दंडक बदलला नाही, त्यात नवी माणसं बसवली.

छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांची वाट वेगळी. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात, तीन लहान मुलं सांभाळत, त्यांनी घरच्या बागेतली फुलं टिपली. १९२५ च्या मॅग्नोलियात त्या फुलाच्या इतक्या जवळ गेल्या आहेत की नजर पाकळ्यांवरून घसरून केसरांच्या गाभ्यात जाऊन अडकते. तिथे नाजूकपणा कमी, रचना जास्त. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी वृद्धांची व्यक्तिचित्रं काढायला घेतली; ‘आफ्टर नाइन्टी’ हे ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये आलं. म्हातारपण दाखवायला त्यांना कोमेजलेल्या फुलाची गरज पडली नाही. फूल फुलासारखं पाहिलं, माणूस माणसासारखा. आजच्या मालिकांना नेमकं हेच साधत नाही.

आणि दंडक फुलांनाही लावलेले असतातच की. आपल्याकडे मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये व्हॅलेंटाइनच्या निर्यातीसाठी गुलाब तयार होतात. कळी मोठी आणि घट्ट राहावी म्हणून तिला जाळीची टोपी घालतात. देठाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून प्रतवारी होते. वाकड्या देठाचं, डागाळलेल्या पाकळीचं फूल बाजूला पडतं. दिसण्यावरून दर ठरवण्याची ही रीत स्थळं बघणाऱ्यांना नवी वाटू नये. आपल्या छायाचित्रकारांनी सुकलेले गुलाब स्टुडिओत मांडणं आता पुरे करावं आणि कॅमेरा घेऊन त्या प्रतवारीच्या टेबलापाशी जावं.