चिंचोळ्या वलयानंतर

परतवाड्याच्या किंवा बल्लारशाहच्या लाकूड डेपोत सागाचे नग ओळीने मांडलेले असतात. लिलावाला आलेला माणूस घेर पाहतो, लांबी पाहतो, नग आतून पोकळ तर नाही ना हे तपासतो आणि पुढच्या नगाकडे सरकतो. त्याचे काम तेवढ्यात भागते. पण करवतीने आडवे कापलेले ते तोंड ही एक संहिताही आहे. गाभ्याकडून सालीकडे ती वाचत जायची. एका पावसाळ्याची एक ओळ. एखादी ओळ करंगळीच्या नखाएवढी रुंद, तर एखादी दोरा ठेवावा इतकी बारीक. पहिल्या वाचनात वाटते की विषय सरळ आहे: कोणत्या साली पाऊस किती झाला. दुसऱ्या वाचनात लक्षात येते की पावसाची नोंद पर्जन्यमापकही ठेवतो. सागाने लिहिले आहे ते वेगळेच. मिळालेल्या पाण्याचे, आणि न मिळालेल्या पाण्याचे, आपण काय केले याची ती हकीकत आहे.

संहिता वाचनीय व्हायला लिपी स्पष्ट लागते. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांच्या लाकडात वर्षाची सीमा धूसर असते. साग त्याला ठळक अपवाद. उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो, सालीच्या आतला वाढीचा पातळ थर, म्हणजे ऊतिकर, काम थांबवतो आणि पावसाच्या तोंडाशी पुन्हा कामाला लागतो. नव्या ओळीची सुरुवात नुसत्या डोळ्यांनाही दिसते: आधी फिकट ऊतींची एक रेघ, तिच्यालगत मोठ्या तोंडाच्या जलवाहिन्यांची रांग. हंगाम पुढे सरकतो तशा वाहिन्या अरुंद होत जातात, लाकूड घट्ट होते आणि ओळ मिटते. प्रत्येक ओळ मोकळ्या स्वरात सुरू होऊन आवरत्या स्वरात संपते. हा आकृतिबंध वर्षानुवर्षे बदलत नाही. बदलतो तो ओळीचा विस्तार.

या आकृतिबंधात जुगार दडलेला आहे. वाहिनीचा व्यास दुप्पट झाला तर तेवढ्याच ओढीवर तिच्यातून सोळा पट पाणी जाते. सागाची पाने थाळ्याएवढी; चारच महिन्यांत त्यांना वर्षभराची कमाई करायची असते. म्हणून ओळीच्या आरंभी तो मोठ्या वाहिन्या घालतो. मात्र झाडातले पाणी खालून ढकलले जात नाही, वरून पाने ते ओढतात. मुळांशी ओल संपत आली की ओढ वाढते, पाण्याच्या ताणलेल्या स्तंभात हवा शिरते आणि ती वाहिनी निकामी होते. रुंद वाहिन्यांना हा धोका सहसा जास्त. ओळीच्या शेवटी येणाऱ्या अरुंद वाहिन्या पाणी थोडे नेतात, पण तग धरतात. म्हणजे एकाच वलयात धाडस आणि सावधपणा शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. जगभरच्या २२६ वृक्षजातींच्या २०१२ मधल्या एका पाहणीत सुमारे सत्तर टक्के जाती या धोक्याच्या रेषेच्या अगदी जवळ राहून जगताना आढळल्या. त्यांत कोरड्या प्रदेशातल्या होत्या तशा भरपूर पावसाच्या वनांतल्याही. भरपूर पाण्याच्या जागी राहणारे झाड सुरक्षित अंतर ठेवून जगते, हा आपला समज तिथे कोसळतो.

दुष्काळाच्या वर्षाची ओळ चिंचोळी का होते? झाड तहानलेले असते, हे उत्तर अर्धे आहे. पाणी कमी पडू लागताच झाड पानांवरची रंध्रे मिटते. त्याने पाण्याचा खर्च थांबतो, पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डाय-ऑक्साइडही थांबतो, म्हणजे कमाई बंद. तेवढ्याने भागले नाही तर साग पाने वेळेआधी टाकून देतो. ऑक्टोबरातच विरळ झालेला सागाचा माळ उदास दिसतो, पण त्या पानगळीत हिशेब आहे: पाने गेली तरी पुन्हा येतात, खोडातल्या वाहिन्या गेल्या तर सगळेच संकटात येते. आखडलेल्या ओळीत अशा निर्णयांची मालिका असते. कार्बन-१३ या जड कार्बनचे लाकडातले प्रमाण मोजले तर तीही वाचता येते. रंध्रे मिटून घेतलेल्या काळात हे प्रमाण वाढते. त्यामुळे रुंदीला दिसत नाही ते रसायनात सापडते.

या संहितेतली खरी मार्मिक जागा मात्र चिंचोळ्या ओळीत नाही. ती त्यानंतरच्या दोन-चार ओळींत आहे. पाऊस चांगला झाला, रान हिरवे झाले, तरी पुढची ओळ अनेकदा पुरती रुंदावत नाही. मानव्यविद्येचा वाचक इथे दुःखाची छाया शोधेल. वनस्पतिशास्त्रज्ञ प्राधान्यक्रम सांगतो. सावरणाऱ्या झाडाला आधी पालवी फोडायची असते, सुकून गेलेली बारीक मुळे पुन्हा घालायची असतात, निकामी वाहिन्यांच्या जागी नव्या बांधायच्या असतात. हा सगळा खर्च खोडात आणि मुळांत साठवलेल्या स्टार्चमधून होतो, आणि ती शिलक तर दुष्काळातच उपसलेली असते. खोडाची जाडी वाढवणे हे या यादीत जवळजवळ शेवटचे काम. म्हणून वलय म्हणजे सगळी देणी भागवून उरलेला ऐवज. शेंडा हिरवा आणि वलय बारीक, हे दोन्ही एकाच वर्षी खरे असू शकते.

विल्यम अँडरेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १,३३८ ठिकाणच्या वलयमालिका एकत्र वाचल्या तेव्हा हेच दिसले. तीव्र दुष्काळानंतर वाढ एक ते चार वर्षे अपेक्षेपेक्षा कमी राहते; पहिल्या वर्षी सुमारे नऊ टक्के, दुसऱ्या वर्षी सुमारे पाच टक्के. कोरड्या प्रदेशांत आणि चीड-देवदारांच्या कुळात ही सावली अधिक गडद. माणसांच्या आठवणीत बहात्तरचा दुष्काळ एका सालाच्या नावाने राहतो. झाडाच्या खात्यात अशा दुष्काळाची वर्षे त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर अशी पुढेही मोजावी लागतात.

हाती आलेली प्रत शुद्ध आहे का, हा प्रश्न कोणत्याही जुन्या संहितेला विचारावा लागतो. सागाच्या प्रतीत दोन दोष नेहमीचे. पावसाळ्यात मोठी उघडीप पडून पुन्हा पाऊस लागला तर एकाच वर्षात खोटे दुसरे वलय उमटते. फार वाईट वर्षी ऊतिकर खोडाच्या काही बाजूंना कामच करत नाही आणि तिथली ओळ गळते. शिवाय पाने खाणाऱ्या अळीने झाड उघडे केले, वणवा लागला, तरी ओळ आखडते. तिचा दोष पावसाच्या माथी मारला तर अर्थ चुकतो. यावर उपाय पाठचिकित्सेचाच: एका झाडावर विश्वास ठेवायचा नाही, अनेक झाडांचे पाठ शेजारी ठेवून रुंद-अरुंदाची सामायिक लय जुळवायची. अमेरिकेत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ही रीत घडवली. तो सूर्यावरच्या डागांचे चक्र शोधत झाडांकडे वळला होता. १९२९ मध्ये अॅरिझोनातल्या शो लो इथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने त्याच्या दोन तुटक मालिका जोडल्या, आणि तेराव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकातला तिथला प्रदीर्घ दुष्काळ वर्षावार मांडता आला.

आपल्याकडे हे वाचन पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, मुरले. जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातल्या सागाची वलये तिथल्या हवामानाशी ताडून पाहिली. पुढे २०१० मध्ये बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळमधल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका मांडली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एल निनोची आणि अपुऱ्या मॉन्सूनची वर्षे आखडलेल्या ओळींशी वारंवार जुळतात, असे त्यांना आढळले. पेरूच्या किनाऱ्यालगतचा समुद्र तापतो आणि त्याची खूण केरळच्या सागात उमटते, हे या संहितेचे भौगोलिक आवाका दाखवणारे स्थळ.

दुष्काळ एकामागोमाग येतात तेव्हा हीच संहिता दोन अर्थ देऊ लागते. एका वाचनात दुसरा दुष्काळ अधिक जीवघेणा: शिलक भरून यायच्या आत पुन्हा हात घालावा लागतो. दुसऱ्या वाचनात पहिला दुष्काळ झाडाला सावध करून जातो. पर्णभार कमी राहतो, मुळांना वाटा जास्त मिळतो, शेजारची काही झाडे मेल्याने पाण्याचे वाटेकरीही घटतात. २०२० मधल्या अँडरेग यांच्याच अभ्यासात पहिला अर्थ एकूण भारी ठरला. नंतरचे दुष्काळ बहुधा जास्त घाव घालतात, पण जातीजातींत फरक मोठा आहे, आणि सूचिपर्णी वने अधिक दुबळी ठरतात. रुंदपर्णी पानगळी झाडांना एक सोय आहे. साग दरवर्षी वाहिन्यांची ताजी रांग घालतो आणि जुन्या वाहिन्या आतून बुजवून टाकतो. कालचे नुकसान तो दुरुस्त करत बसत नाही, त्याच्याबाहेर नवे बांधतो. पण नव्या बांधकामाला भांडवल लागते, आणि त्यासाठी दोन दुष्काळांमध्ये पुरेशी चांगली वर्षे मिळायला हवीत. २०१४ आणि २०१५ हे लागोपाठचे तुटीचे मॉन्सून म्हणूनच दोन वेगवेगळ्या वर्षांच्या बेरजेपेक्षा जड.

सागाशेजारची झाडे हाच विषय निराळ्या शैलीत लिहितात. सलई, सावर, पांगारा यांचे लाकूड हलके, खोडात पाणी धरून ठेवणारे. त्यांना टंचाईतही साठ्यावर काही दिवस काढता येतात. सावर आणि पांगारा तर पानाशिवाय, भर कोरड्या दिवसांत फुलतात. पळस खोल मुळांच्या भरवशावर पाऊस येण्याआधी पालवतो. ओढ्याकाठचे जांभूळ पाने टाकतच नाही. त्याची सगळी भिस्त पायाखालच्या ओलीवर, आणि ओढा पार आटला तर त्याच्याकडे माघारीची वाट कमी. या शैली एकत्र नांदतात म्हणून मिश्र रानात एकच दुष्काळ सगळ्यांना सारखा लागत नाही. निव्वळ सागाच्या लागवडीत हे वैविध्य नसते. तिथे सगळी झाडे एकाच वेळी एकच ओळ आखडून घेतात.

या वाचनाला मर्यादा आहे, आणि ती मोठी आहे. ओंडका म्हणजे तगलेल्याची बाजू. जी झाडे दुष्काळात गेली त्यांच्या ओळी तिथेच तुटल्या. आणि जी अजून झाड झालीच नाहीत त्यांची तर नोंदही नाही. सागाचे रोप जंगलात उन्हाळ्याने वा वणव्याने वर्षानुवर्षे वरून मरते आणि खालून जगते. दर पावसाळ्यात जमिनीतून नवा फुटवा निघतो, पुन्हा वाळतो, आणि तोवर मूळ जाड होत राहते. मग एखाद्या वर्षी पुरेसे भांडवल जमले की कोंब सरळ वर जातो. वनखात्याची रोपवाटिका नेमका याच स्वभावाचा उपयोग करते. जडी लावतात ती म्हणजे जवळजवळ सगळे खोड छाटलेले, मुळाचेच रोप. ओंडक्याच्या मध्यबिंदूवर वाचन सुरू करताना त्याआधीची ही भूमिगत वर्षे संहितेबाहेर राहिलेली असतात.

म्हणून या संहितेचा आस्वाद घ्यायचा तर बारीक ओळीवर बोट ठेवून थांबू नये. तिच्यानंतर किती ओळींनी जुनी रुंदी परत आली, आणि तोवर दुसरी बारीक ओळ आली का, हे मोजावे. तोच निकष उभ्या रानालाही लावता येतो. दुष्काळानंतरच्या पहिल्याच श्रावणात डोंगर हिरवा दिसला की जंगल सावरले असे आपण मानतो, आणि विरळणी, चराई, तोड पूर्ववत सुरू करतो. झाडाच्या खात्यात तेव्हा पाने आणि मुळे यांचीच देणी चाललेली असतात. खोडाची पाळी यायला आणखी दोन-तीन पावसाळे लागतात. ती वर्षे त्याला सलग मिळू देणे एवढेच आपल्या हातात आहे.