सुधाकर सोळा वर्षांचा असता तर?

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये. शंभरावर वर्षं उलटली, तरी दारू म्हटलं की आपल्यापुढे सुधाकरच उभा राहतो. आमचा आक्षेप नाटकावर नाही, आपल्या या सवयीवर आहे.

सुधाकर कोण? हुशार वकील. सनद काही काळासाठी जाते, अपमान जिव्हारी लागतो, तळीराम प्याला पुढे करतो. मग पैसा, अब्रू, मूल, सिंधू, सगळं जातं. गमावण्यासारखं पुष्कळ होतं, म्हणून त्याचा ऱ्हास आपल्याला दिसला.

आता सोळा वर्षांचा मुलगा घ्या. त्याची ना नोकरी जाते, ना संसार मोडतो. फी बाप भरतो, ताट आई वाढते. मग आपण म्हणतो, 'वय आहे, सुटेल.' म्हणजे त्याचा सुधाकर होईपर्यंत आपण थांबणार! खरं तर सुरुवात जितकी लवकर, तितका पुढे व्यसन जडण्याचा धोका जास्त. मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, पण ती कागदावर. २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये काय झालं, ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

उपचारांचं काय? नाटक इथे आपल्यापेक्षा शहाणं आहे. रामलालचा उपदेश हरतो, सिंधूचं निमूट सोसणंही हरतं. तरी आपण मुलाला आधी उपदेश करतो, मग देवापुढे शपथ घालतो. मोठा माणूस कधी कधी आपणहून उपचाराला येतो, मुलाला बहुधा घरचेच आणतात. त्यामुळे आधी त्याचा विश्वास मिळवावा लागतो. दारूआड नैराश्य, भीती, शाळेतला छळ असं काही आहे का, ते बघावं लागतं. आणि आईबापांनाही समुपदेशनाला बसावं लागतं. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगणनं घरच्यांना उपचारात सामील करून घेतलं, ते उगाच नाही.

शेवटचं. सुधाकर मध्येच दारू सोडतो, हे आपण विसरतो. तो काम मागायला जातो, लोक त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आपल्या लक्षात राहिला तो प्याला. बंद झालेली दारं राहिली नाहीत. उपचार घेऊन परतलेल्या मुलाला जे कॉलेज दाखला हातात देतं, जे नातेवाईक त्याला लग्नकार्याला टाळतात, त्यांनी हा प्रवेश पुन्हा वाचावा. आपणही वाचू या.