सिंधूचं ठिगळ आणि झाडीतला फ्लॅश

'एकच प्याला' नाटकातल्या सिंधूच्या वेशातले बालगंधर्व छायाचित्रात समोर आले की नजर आधी लुगड्याच्या ठिगळावर जाते. लुगडं फाटकं, पण ठिगळ कसं बेतून लावलेलं. चेहरा भरलेला, गालांवर उपासाची खूण नाही. दारूपायी धुळीला मिळालेल्या घरातली बाई अशी दिसत नाही, हे सांगायला टीकाकार लागत नाही. तरीही छायाचित्र खोटं वाटत नाही. गंधर्व दारिद्र्य दाखवायच्या भानगडीत पडलेलेच नाहीत. फाटलं तरी चापूनचोपून नेसणारी, घरातलं बाहेर कळू न देणारी बाई त्यांना दाखवायची आहे. सिंधूची सगळी हट्टी अब्रू त्या ठिगळात आहे.

नाटकाचे लेखक राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला, म्हणजे नागपूरच्या उंबऱ्यावर, वारले. 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला रंगभूमीवर आणलं ते 20 फेब्रुवारीला. महिनाभराच्या फरकाने नाटककाराची सिंधू बघायची राहून गेली. आपल्याला निदान छायाचित्र तरी मिळालं.

मात्र या छायाचित्रांना 'प्रयोगातली' म्हणताना जरा थांबावं लागतं. त्या काळच्या काचांना आणि भिंगांना रात्रीच्या रंगमंचावरचा उजेड पुरत नसे, त्यामुळे नट वेश चढवून कॅमेऱ्यापुढे स्तब्ध उभे राहत. जगभर हीच रीत होती. सारा बर्नहार्ट 1899 मध्ये हॅम्लेट झाली, तिचंही हातात कवटी घेतलेलं गाजलेलं छायाचित्र असंच ठरवून काढलेलं आहे. तिकडे बाई राजपुत्र झालेली, इकडे पुरुष सोशिक पत्नी. दोघांनीही श्वास रोखून धरलाय आणि दोघांच्याही समोर प्रेक्षक नाही. अभिजात म्हणून आपण जपतो त्या चित्रांत नाटकाचा अर्धा भाग असा गाळलेला असतो.

म्हणून मला त्यांच्या शेजारी झाडीपट्टीतले फोटो ठेवून पाहावेसे वाटतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जंगलाच्या, धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई नावाच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने गावोगाव नाटकं लागतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि गावची मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात. धान निघालेल्या बांधीत मंच उभा राहतो, भोवती कनात लागते आणि रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळासारखी जुनी नावं इथल्या लोकांच्या तोंडी आहेत. नव्या सामाजिक नाटकांबरोबर 'एकच प्याला' आणि अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' इथे होत आली. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. विनोदी भूमिकांसाठी ते ओळखले जातात, आणि त्यांनी केलेल्या नाटकांच्या यादीत ही दोन्ही आहेत.

इथले फ्लॅशवर काढलेले जुने फोटो पाहिले की पहिल्यांदा हिरमोड होतो. चेहरे पांढरेफटक, मागच्या रंगवलेल्या पडद्यावर सावल्या, वर लोंबणारे माइक. दिवाणखान्यातल्या प्रसंगात माइकच्या तारा डोक्यावरून गेलेल्या दिसतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. पण जरा वेळ दिला की तो माइकच फोटो उलगडून दाखवतो. झाडीतला नट माइकखाली येऊन, गावाकडे तोंड करून बोलतो. त्यामुळे भांडणारे नवरा-बायकोसुद्धा शेजारी-शेजारी उभे असतात, एकमेकांकडे न बघता. नाट्यशास्त्राच्या वर्गात याला गुण मिळणार नाहीत. पण दारुडा सुधाकर आणि त्याची बायको सिंधू असे उभे केले तर त्यांच्या संसाराची अवस्था आणखी वेगळी कशी दाखवणार? दोघंही आपलं गाऱ्हाणं गावापुढे ठेवतात. पंचायतीत ठेवावं तसं.

दुसरी गंमत मानेची. मंचाच्या कडेशी दडलेला प्रॉम्प्टर हा झाडीपट्टीचा मोठा आधार. हंगामात आज एक नाटक, उद्या दुसरं, तालमीला फुरसत कुठली? एखाद्या फोटोत नटाचा हात पुढे गेलेला, तोंड अर्धवट उघडं आणि कान किंचित खाली कललेला दिसला, तर ते वाक्य वर यायच्या आधीचा क्षण समजावा. स्टुडिओतल्या सिंधूकडे असा क्षण असूच शकत नाही. तिथे सगळं ठरून झालेलं असतं. सौंदर्याने गंधर्वांचं छायाचित्र कितीतरी वरचं आहे, यात वाद नाही. पण नाटक चालू आहे, हे मला इथे कळतं.

आणि प्रेक्षक? फ्लॅशचा उजेड चार पावलांवर संपतो, त्यामुळे त्याच्या पलीकडचं गाव फोटोत काळं पडतं. फार तर पुढच्या कडेला दोनचार डोकी, एखादा डोक्यावरून घेतलेला पदर. 'एकच प्याला'च्या बाबतीत हा तोटा मोठा आहे, कारण दारूवरच्या या नाटकाचा खरा निवाडा त्या अंधारात बसलेला असतो. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून 1993 पासून दारूबंदी आहे, अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य त्या चळवळीत होतं. शेजारच्या चंद्रपुरात बंदीसाठी 2010 च्या डिसेंबरात बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या, 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. गडकऱ्यांची सिंधू नवऱ्याविरुद्ध चकार शब्द काढत नाही, मरतानाही त्याला सांभाळून घेते. पुण्यामुंबईने तिच्यासाठी रुमाल भिजवले. चिमूरहून चालत निघालेली बाई त्याच सिंधूकडे बघून रडेल की चिडेल? मला वाटतं, दोन्ही करील, आणि नाटक संपल्यावर घरी जाताना शेजारणीशी त्यावर भांडेलही. सोसण्याची ती मूर्ती तिच्या ओळखीची आहे, पण तिने स्वतः दुसरा रस्ता धरला आहे. गंधर्वांच्या नेटक्या ठिगळाकडे मी अलीकडे या बाईच्या नजरेने बघू लागलो आहे, आणि त्यातली अब्रू मला पूर्वीइतकी निर्मळ दिसत नाही. घर झाकायला ते ठिगळ फारच चांगलं जमलंय.

वडशाच्या कंपन्या दोन्ही जिल्ह्यांत जातात, बंदी असलेल्या आणि उठलेल्या. या नाटकाचे दोन्हीकडचे फोटो कुणी शेजारी-शेजारी लावले, तर मंचावर फारसा फरक दिसणार नाही. सुधाकर तोच, पेला तोच, माइकही तिथेच. फरक पुढच्या रांगेत शोधावा लागेल, फ्लॅश तिथवर पोचला असेल तर.