‘पीअर्स प्लाउमन’ : क्षमापत्राचा प्रसंग आणि संपादकाचा अधिकार

मध्ययुगीन इंग्रजी धार्मिक रूपककाव्यात विल्यम लँग्लंड याच्या नावावर असलेल्या ‘पीअर्स प्लाउमन’चे स्थान अग्रभागी आहे. विल नावाचा स्वप्नद्रष्टा मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर निद्रिस्त होतो आणि सत्याच्या शोधात निघालेला समाज त्यास दिसतो, ही या काव्याची योजना होय. त्याची पन्नासाहून अधिक हस्तलिखिते उपलब्ध आहेत. वॉल्टर स्कीट यांनी या हस्तलिखितांतून ए, बी आणि सी अशा तीन संहिता वेगळ्या केल्या. या तिन्ही एकाच कवीने क्रमाने केलेल्या रचना होत, हे मत आज सामान्यतः मान्य आहे. अशा काव्याचे संपादन हे केवळ शुद्धलेखनाचे काम राहत नाही. कोणता पाठ छापावयाचा या निर्णयातच काव्याचा अर्थ काही अंशी ठरून जातो.

क्षमापत्राचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण आहे. सत्याने पीअर्स या नांगऱ्याकडे क्षमापत्र पाठविलेले असते. धर्मगुरू ते वाचून पाहतो, तो आत केवळ दोन ओळी : सत्कर्म करणारास शाश्वत जीवन, दुष्कर्म करणारास शाश्वत अग्नी. ही क्षमाच नव्हे, असे तो म्हणतो. तेव्हा पीअर्स संतापाने ते पत्र फाडतो आणि यापुढे प्रार्थना व तपश्चर्या हाच आपला नांगर असे ठरवितो. ए आणि बी या संहितांत हे घडते. सी संहितेत पत्र फाडणेच वगळलेले आहे. पत्र फाटले, तर कागदी आश्वासनाहून आचरण श्रेष्ठ ठरते, की ईश्वरी न्यायापुढे मनुष्य हताश होतो, हा वाद टीकाकारांत दीर्घकाळ चालत आला आहे. पत्र न फाटल्यास हा प्रश्न त्या स्वरूपात उद्भवतच नाही.

मुद्रित आवृत्त्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रॉबर्ट क्राउली याने १५५० मध्ये बी संहिता छापली आणि समासातील टिपांच्या द्वारे तिला प्रॉटेस्टंट वळण दिले. टॉमस व्हिटेकर यांनी १८१३ मध्ये सी संहिता छापली. टॉमस राइट यांनी १८४२ मध्ये पुन्हा बी संहिता स्वीकारली. म्हणजे १५५० व १८४२ च्या वाचकांपुढे पीअर्सने पत्र फाडले. १८१३ च्या वाचकांपुढे मात्र ते अखंड राहिले. स्कीट यांनी १८८६ मध्ये तिन्ही संहिता समोरासमोर छापल्या आणि हा भेद प्रथमच एका दृष्टिक्षेपात आला.

यानंतरचे महत्कार्य जॉर्ज केन यांचे. त्यांची ए संहिता १९६० मध्ये, टॅल्बट डोनल्डसन यांच्यासह बी संहिता १९७५ मध्ये आणि जॉर्ज रसेल यांच्यासह सी संहिता १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. बी संहितेची सर्व हस्तलिखिते एका भ्रष्ट प्रतीपासून आली, असे मानून केन व डोनल्डसन यांनी शेकडो ठिकाणी पाठदुरुस्ती केली. जेथे ए आणि सी एकमत असून बी वेगळी पडते, तेथे लेखनिकाचा दोष असण्याचा संभव मोठा, हा त्यांचा एक प्रमुख आधार. लेखनिकांच्या प्रमादांची त्यांनी केलेली मीमांसा असामान्य आहे, हे निःसंशय. परंतु या आधारात एक गृहीत दडलेले आहे : कवीने एकदा बदललेला शब्द तो पुन्हा पूर्वपदावर आणीत नाही. ज्या कवीने दोनदा राखलेला, काव्याचा कणा ठरणारा प्रसंग तिसऱ्या वेळी वगळला, त्याच्या बाबतीत हे गृहीत निर्धास्तपणे स्वीकारता येत नाही. तो मोठ्या गोष्टीत पुनर्विचार करतो, तर एखाद्या शब्दाकडे परत फिरणे त्यास का अशक्य असावे?

ए. व्ही. सी. श्मिट यांची १९७८ ची बी आवृत्ती पाठदुरुस्तीत तुलनेने संयम राखते. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या विद्युत् संग्रहाने तर प्रत्येक हस्तलिखित स्वतंत्रपणे सादर करण्याचा मार्ग धरला. तथापि केवळ प्रती पुढे ठेवल्याने वाचकास काव्य मिळते असे नाही. निवड कोणास तरी करावीच लागते. संपादकाचा हा अधिकार नाकारण्याचे कारण नाही. अपेक्षा एवढीच की, लेखनिकाची चूक कोणती आणि कवीचा बदललेला विचार कोणता, याचा निवाडा जेथे पुराव्याने होत नाही, तेथे संपादकाने तो आपला तर्क म्हणून उघडपणे सांगावा. सत्याचा शोध अखेरपर्यंत अपुरा ठेवणाऱ्या या काव्यास संहितेची कृत्रिम निश्चिती शोभत नाही.